बोक्याची माया
बोका पिलांचा वैरी, हा समज अगदीच खोटा नाही. परकी पिले तो कधी मारतोही. तरी वेळणेश्वरसारख्या किनारी गावात एखादा भटका बोका पिलांना चाटताना, आधी त्यांना खाऊ देताना दिसला तर नवल नको. त्याच्यावर शरीअतचे बंधन नाही. अल्लाहने रहमतीच्या शंभर अंशांपैकी पृथ्वीवर उतरवलेल्या एकाच अंशातली ही माया, असे हदीस सांगते. मग माणसाचे काय? प्रेषितांनी (स.) नातू हसन (रजि.) यांचे चुंबन घेतले, तेव्हा अकरअ बिन हाबिस यांनी सांगितले की, आपल्याला दहा मुले, पण एकाचेही कधी घेतले नाही. पैसे पाठवले की पितृत्व फिटले, असे मानणारे आपल्यातही थोडे नाहीत. ते रजेवर आले तरी मूल दाराआडूनच पाहते.