सरासरी आयुष्य आणि नेमलेली घटका



दवाखान्यातून मिळालेल्या तपासणीच्या कागदावर कधीकधी एक वाक्य असते : पुढील दहा वर्षांत हृदयविकाराचा अथवा पक्षाघाताचा झटका येण्याची शक्यता २० टक्के. असा कागद दोन माणसांच्या हाती पडला, असे समजू या. पहिल्याची त्या रात्रीपासून झोप उडते. नमाजला उभा राहिला तरी त्याच्या डोळ्यांपुढे तो आकडाच असतो. दुसरा कागद चुरगाळून फेकतो आणि म्हणतो, "मरण तर लिहिलेलेच आहे, औषधाने का ते टळणार आहे?" पहिल्याला आपण भित्रा म्हणतो आणि दुसऱ्याच्या ईमानचे कौतुक करतो. परंतु इस्लामी शिकवणुकीच्या कसोटीवर हे दोघेही चुकलेले आहेत. आकडा नेमके काय सांगतो, हे दोघांपैकी कोणीही समजून घेतलेले नाही.

आकडा समूहाचा, घटका व्यक्तीची

२० टक्के याचा अर्थ असा : तुमच्याच वयाची, तुमच्याइतकाच रक्तदाब असलेली, तुमच्यासारख्याच सवयींची १०० माणसे घेतली, तर दहा वर्षांत त्यांपैकी सुमारे २० जणांना झटका येईल आणि ८० जणांना येणार नाही. त्या शंभरांत तुम्ही कोणत्या बाजूला आहात, याविषयी आकडा काहीही सांगत नाही, सांगूही शकत नाही. सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीत अल्लाहने स्पष्ट केले आहे की, उद्या आपण काय कमावणार आणि कोणत्या भूमीवर आपल्याला मृत्यू येणार, हे कोणताही जीव जाणत नाही. म्हणून आकडेशास्त्र हा परोक्षज्ञानाचा दावा नव्हे. अल्लाहने सृष्टीत जी कार्यकारणाची व्यवस्था ठेवली आहे, तिचे ते निरीक्षण आहे.

सरासरी आयुर्मानाविषयीही असाच गैरसमज आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातील सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सुमारे ७० वर्षे आहे. यावरून त्या काळी माणसे बत्तिशीतच म्हातारी होऊन मरत असत, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. एक बालक जन्मताच दगावले आणि दुसरे ६४ वर्षे जगले, तर दोघांची सरासरी ३२ येते. प्रत्यक्षात बत्तिसाव्या वर्षी कोणीच मेलेले नसते. १९७१ साली भारतात जन्मणाऱ्या दर १००० बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आत मृत्यू पावत होती. २०२० साली ही संख्या २८ वर आली. आयुर्मान वाढण्यात मोठा वाटा या वाचलेल्या बालकांचा आहे. उलट, ज्याने आज साठी गाठली आहे त्याने "आता दहाच वर्षे उरली" असे मानणेही चूक आहे. साठी गाठलेल्यांचे उरलेले आयुष्य आपल्या देशात सरासरीने सुमारे १८ वर्षांचे आहे. अर्थात तीही सरासरीच.

हे समजण्यासाठी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घराकडे पाहावे. त्यांचे पुत्र कासिम, अब्दुल्लाह आणि इब्राहीम हे सर्व बालपणीच वारले. इब्राहीम यांच्या मृत्यूसमयी प्रेषितांच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. कन्यांपैकी केवळ ह. फातिमा (रजि.) त्यांच्या पश्चात राहिल्या, त्याही अवघे काही महिने. स्वतः प्रेषित (स.) यांना ६३ वर्षांचे आयुष्य लाभले, तर त्यांची सेवा करणारे ह. अनस (रजि.) नव्वदी ओलांडून जगले. एकाच घराच्या छायेत वावरलेल्या या माणसांच्या आयुष्यांची सरासरी काढता येईल. पण ती त्यांपैकी कोणाचीही कहाणी सांगणार नाही.

तिर्मिजी यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये प्रेषितांनी आपल्या उम्मतच्या लोकांचे वय साठ ते सत्तरच्या दरम्यान असेल आणि त्यापुढे जाणारे थोडे असतील, असे सांगितले आहे. हे विधानही संपूर्ण समुदायाविषयीचे आहे. त्याच्या आधारे "माझी साठ वर्षे तर निश्चित आहेत" असा हिशोब कोणत्याही श्रद्धावंताने मांडू नये.

भय दाखवणारे आकडे

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की, नव्या प्रकारच्या संततिनियमन गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुपटीने वाढतो. वृत्तपत्रांत गदारोळ झाला आणि असंख्य स्त्रियांनी घाबरून गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात ७००० स्त्रियांमागे एकीला होणारा त्रास दोघींना होत होता. 'दुप्पट' हेही खरे आणि '७००० मागे एक अधिक' हेही खरे. पण पहिल्या शब्दाने भय पसरले, दुसऱ्याने पसरले नसते. परिणाम असा झाला की, पुढील वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३,००० अधिक गर्भपात झाल्याचा अंदाज वर्तवण्यात आला. शिवाय गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही अधिक असतो. एका अर्धवट समजलेल्या आकड्याची ही किंमत होती.

सूरह निसाच्या ८३ व्या आयतीत अशा लोकांची निर्भर्त्सना आहे, जे शांततेची वा भयाची वार्ता कानी पडताच ती पसरवत सुटतात आणि जाणत्या, जबाबदार व्यक्तींकडे नेत नाहीत. आज आपल्या मोबाईलवर रोज येणारे "अमुक खाल्ल्याने कर्करोग दुप्पट" असे संदेश पुढे ढकलण्यापूर्वी ही आयत आठवावी आणि एक साधा प्रश्न विचारावा : कितीपैकी किती?

निराशेचेही असेच आहे. १९८२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना पोटाच्या एका दुर्मीळ कर्करोगाचे निदान झाले. त्या आजारात निदानानंतरच्या आयुष्याचा मध्य आठ महिने होता. त्यांनी आकड्याचा अर्थ लावला : निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, म्हणजेच निम्मे त्यापुढे जगतात, आणि त्यांपैकी काही पुष्कळ पुढे. ते आणखी २० वर्षे जगले. सर्वांनाच असे आयुष्य लाभेल असे नाही. परंतु आकड्याने अल्लाहच्या कृपेचे दार बंद केले, असे मानण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तकदीरच्या नावाखाली बेफिकिरी

आता कागद फेकणाऱ्या दुसऱ्या बंधूकडे वळू या. ह. उमर (रजि.) सीरियाच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले, तेव्हा तेथे प्लेगची साथ असल्याचे कळले. त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशचे वडीलधारे यांच्याशी क्रमाने विचारविनिमय केला आणि परतण्याचा निर्णय घेतला. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? उमर (रजि.) यांनी उत्तर दिले की, आम्ही अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. दरीची एक बाजू हिरवी आणि दुसरी उजाड असेल, तर उंट कोणत्याही बाजूला चारला तरी ते अल्लाहच्या नियोजनानुसारच घडते, असा दाखलाही त्यांनी दिला. नंतर ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी प्रेषितवचन ऐकवले की, जेथे साथ असेल तेथे जाऊ नये आणि आपण आहोत तेथे ती आली तर तेथून पळू नये. उमर (रजि.) यांनी अल्लाहची स्तुती केली.

बंधूंनो, रक्तदाबाची गोळी ही दरीची हिरवी बाजू आहे. समजा, उपचाराने जोखीम चौथ्या हिश्श्याने घटते. ज्यांची जोखीम २० टक्के आहे अशा १०० जणांपैकी आता १५ जणांनाच झटका येईल. पाच घरांतील चूल विझता विझता वाचेल. ज्यांची जोखीम मुळात दोन टक्के आहे, अशा २०० जणांनी तेच औषध घेतले तर एकच जण वाचेल. म्हणून कोणते औषध कोणाला आवश्यक, हे शेजाऱ्याच्या सल्ल्याने न ठरवता जाणकार डॉक्टरांना विचारून ठरवावे. आपल्या देहाचाही आपल्यावर हक्क आहे, ही प्रेषितांची शिकवण आहे. देह ही अमानत आहे. आणि तंबाखूने ती जाळणारा माणूस तकदीरची ढाल पुढे करून अमानतीच्या जाबातून सुटू शकत नाही.

आपला हिशोब

ह. इब्ने मसऊद (रजि.) यांनी सांगितलेली एक हदीस सहीह बुखारीत आहे. प्रेषितांनी जमिनीवर एक चौकोन काढला. त्याच्या मध्यातून चौकोनाबाहेर जाणारी एक रेषा काढली आणि तिच्या बाजूंना लहान लहान रेषा ओढल्या. मग समजावले : मध्ये आहे तो माणूस, चौकोन म्हणजे त्याला वेढून राहिलेली मृत्यूची घटका, बाहेर गेलेली रेषा म्हणजे त्याच्या आकांक्षा, आणि लहान रेषा म्हणजे आपत्ती, ज्यांपैकी एक चुकली तर दुसरी गाठते.

आरोग्याचे आकडे या लहान रेषांविषयी बोलतात. कोणती रेषा जवळ आहे, कोणती दूर सारता येईल, हे ते दाखवतात. म्हणून ते उपयुक्त आहेत आणि त्यांचा आदर करावा. परंतु चौकोन किती रुंद आहे, हे ते सांगू शकत नाहीत. 'सरासरी ७०' हे वचन समजून जो माणूस पत्नीचा मेहर, भावाचे कर्ज, बहिणीचा वारसाहक्क आणि हज "पुढे पाहू" म्हणून ठेवून देतो, तो चौकोनाबाहेरच्या रेषेवर घर बांधतो. ज्याच्यापाशी वसीयत करण्यासारखे काही आहे, त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही घालवू नयेत, अशी प्रेषितांची ताकीद आहे.

म्हणून तो कागद हाती आला तर दोन्ही कामे करावीत. उद्या सकाळी डॉक्टरांकडे जावे आणि आज रात्री वसीयत लिहावी, देणी मोजावीत, ज्याचे मन दुखवले त्याची क्षमा मागावी. आणि कागदावर शक्यता केवळ दोन टक्के निघाली, तरीही हीच दोन कामे आपल्यावर आहेत.

अल्लाह आपणा सर्वांना आरोग्याची कदर करण्याची, ज्ञानाचा योग्य उपयोग करण्याची आणि नेमलेली घटका येण्यापूर्वी आपला हिशोब चुकता करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.