मागचा अ‍ॅक्सल

जुनी जीप घ्यायला आलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. मग टायर बघतो. त्यानंतर मनातल्या मनात रंग ठरवायला लागतो. गाडीखाली पाठीवर झोपून मागच्या अ‍ॅक्सलचं हौसिंग बघणारं गिऱ्हाईक नगरच्या बाजारात मला क्वचितच दिसलं आहे.

हे काही आपल्याकडचंच नाही. 1960च्या दशकात अमेरिकेत ज्या दांडग्या गाड्या निघाल्या, त्यांतल्या कितीतरी गाड्यांत इंजिन राक्षसी आणि चारही चाकांना साधे ड्रम ब्रेक असायचे. पुढे डिस्क हवी तर वेगळे पैसे मोजा. आज त्या गाड्या जपणारे लोक मागचा अ‍ॅक्सल आणि ब्रेक बदलून घेतात, म्हणजे कारखान्याने मागे ठेवलेलं काम पन्नास-साठ वर्षांनी पुरं करतात. आपल्याकडे त्या जातीची गाडी म्हटली की कॉन्टेसाचं नाव निघतं. पण नगर जिल्ह्यात जोर म्हणजे जीपच. लष्कराचं गाव, त्यामुळे डिस्पोजलच्या गाड्यांची सवय जुनी. महिंद्राने 1947 साली मुंबईत विलिज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि त्या घराण्याच्या गाड्या अजून पारनेर-पाथर्डीच्या रस्त्यांवर दिसतात. माझी त्यांतलीच एक.

या जीपच्या पोटात एक गोष्ट आहे, ती कळल्यापासून मी अ‍ॅक्सल आणि ब्रेक ही दोन वेगळी कामं मानत नाही. युद्धातल्या विलिजचा मागचा अ‍ॅक्सल फुल-फ्लोटिंग होता. चाकाचं वजन हबच्या बेअरिंगांवर, म्हणजे शेवटी हौसिंगच्या नळीवर. आतल्या हाफ शाफ्टचं काम फक्त फिरवणं. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. युद्ध संपलं, गाडी शेतकऱ्यासाठी बनू लागली आणि सीजे-3बी या मॉडेलपर्यंत येताना मागे सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सल आला. यात शाफ्टच चाक फिरवतो आणि वजनही तोच पेलतो. तो हबजवळ तुटला, तर चाक ड्रमसकट बाहेर यायला निघतं.

आता ब्रेकचं बघा. जुन्या जीपला मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. ड्रम बाहेर आला की शूज मोकळे, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर, ऑइल रस्त्यावर, आणि पेडल थेट फळीला. चारही चाकांचे ब्रेक एका झटक्यात गेले. मग हँडब्रेक ओढावा, तर तो चाकांवर नाहीच. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाला, प्रोपेलर शाफ्ट अडवणारा ड्रम. एरवी ही रचना हुशारीची, कारण क्राऊन-पिनियन या दातेरी जोडीमुळे त्याची पकड पाचपटीहून वाढून चाकापर्यंत जाते. पण एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल सगळी ताकद त्या मोकळ्या बाजूला सोडून देतं, आणि हँडब्रेक हवेत फिरणाऱ्या तुकड्याला अडवत बसतो. गिअर टाकून इंजिनावर गाडी रोखावी, तर फोर-व्हील लावलेलं नसेल तर तीही वाट याच शाफ्टमधून जाते. बोटाएवढ्या तड्यामुळे तीन आधार जातात. घाटात हे व्हायला पन्नास मीटरचा उतार पुरतो.

म्हणून माझ्या जीपचं इंजिन वाढवायचा विषय निघाला तेव्हा मी मिस्त्रींना म्हटलं, "आधी मागून सुरुवात करू." ते हसले. म्हणाले, "साहेब, लोक हॉर्नपासून सुरुवात करतात."

जाड शाफ्टचा आणि मोठ्या ड्रमचा अ‍ॅक्सल भंगारात मिळतो. अडचण मिळण्याची नसते, जुळण्याची असते. सीजे-3बीच्या अ‍ॅक्सलचा आकडा 5.38, म्हणजे क्राऊनला 43 दाते आणि पिनियनला 8. मागे 39 आणि 8 दात्यांचा, म्हणजे 4.88चा अ‍ॅक्सल बसवला आणि पुढचा तसाच ठेवला, तर टू-व्हीलमध्ये गाडी मजेत पळते, उलट थोडी जास्तच. फोर-व्हील लावून कोरड्या डांबरावर घेतली की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी भांडायला लागतात, आणि त्यात ट्रान्सफर केस मरते. म्हणून भंगारवाल्याकडे उभं राहून दाते मोजावे लागतात. 43-8 मिळेपर्यंत उन्हाळा सरला. मग पाट्यांच्या बैठका नव्या जागी वेल्ड करायच्या, तेही नळी वाकणार नाही अशा बेताने थांबत थांबत. पिनियनचं तोंड किती वर ठेवायचं याला तर डोळा पुरत नाही, कोनमापक लागतो. कोन चुकला की क्रॉस खडखडतात आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. शेवटी टर्नरकडून प्रोपेलर शाफ्ट कापून बॅलन्स करून घ्यायचा. या सगळ्यात दिसण्यासारखं काहीच नाही. पैसे मात्र रंगाच्या तिप्पट.

ब्रेकमध्ये मी मागे डिस्क बसवली नाही, आणि तसा हट्ट धरणाऱ्यांशी माझं पटत नाही. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं. जीप उंच, चाकांतलं अंतर जेमतेम 80 इंच, त्यामुळे ते आणखी झुकतं. रोखण्याचं मोठं काम पुढची चाकं करतात. मागे पकड वाढवली तर मागची चाकं आधी जाम होतात आणि आखूड गाडी स्वतःभोवती फिरते. पुढे डिस्क, मागे ड्रम, दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर. एवढ्यावर मी थांबलो. माझं इंजिन डिझेलचं, आणि डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, म्हणून बूस्टरसाठी अल्टरनेटरच्या मागे वेगळा पंप लागतो. इंजिन बंद तर पंप बंद. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग अजून भेटतात; दोन-तीन दाबांनंतर त्यांच्या पायाखाली दगड येतो.

घाट उतरताना काय होतं याचा हिशोब कागदावर करता येतो. माणसांसकट दीड टनाची जीप 100 मीटर खाली आली की सुमारे 15 लाख ज्यूल उष्णता कुठेतरी जायलाच हवी. चार ड्रमांचं लोखंड 40 किलो धरा. सगळं ब्रेकवरच उतरलात आणि वारा, इंजिन काहीच मदतीला आलं नाही, तर ते 80 अंशांनी तापतं. पाथर्डीच्या रस्त्यावरचा करंजीचा घाट त्या मानाने लहान. हाच रस्ता नगरवरून पुढे पश्चिमेला टाकळी ढोकेश्वर, आळेफाट्यावरून माळशेजला जातो, आणि तिथे सैल सोडलेल्या गाडीचा हिशोब शंभर मीटरवर थांबत नाही. पाणी शोषलेलं डॉट-3 ब्रेक ऑइल 140 अंशांना उकळू शकतं. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. पेडल पोकळ होतं.

मागून सुरुवात करायची रीत जुनीच. नगरच्या टँक म्युझियममध्ये रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टची चिलखती गाडी आहे. लोक तिचं नाव ऐकून फोटो काढतात. मला त्या जातीच्या गाडीची मागची बाजू आवडते. 1914 साली त्या ऐषआरामी चॅसीवर चिलखत चढवताना वजन चार टनांच्या घरात जाणार हे ओळखून पाटे भक्कम केले, मागे जोडचाकं दिली. ब्रेक मात्र मागच्याच चाकांना. त्या काळी पुढच्यांना सहसा नसायचेच.

याच शहरात वाहननगरला व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. वाहनांची चाचणी कोणी घ्यावी हे सांगणाऱ्या केंद्रीय मोटार वाहन नियम 126मध्ये तिचं नाव आहे. त्या चाचण्यांत ब्रेकही येतात. आपल्या गॅरेजमधला अ‍ॅक्सल अशा कुठल्याच चाचणीतून जात नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019चा निकाल सांगतात की निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत. हौशी लोक या निकालावर चिडतात. मोठाले टायर लावून, चॅसी कापून रस्त्यावर आलेल्या जीपा पाहिल्यावर मला तो निकाल जाचक वाटत नाही. चॅसी आणि टायरांचा आकार यांना हात लावायचा नाही, हे मी सुरुवातीलाच ठरवलं होतं, आणि मोठं इंजिन शेवटी घेतलंच नाही.

जुनी जीप घेणार असाल तर एवढं करा. घेण्याआधी मागची दोन्ही चाकं उचलून वर-खाली हलवून बघा. ढिलाई लागली तर बेअरिंग, ऑइल सील आणि शाफ्ट बाहेर काढून तडा तपासा. दुसरं काही नाही जमलं तरी दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर बसवून घ्या. आणि अ‍ॅक्सल बदलणार असाल तर वेल्डिंगच्या आधी आरटीओत लेखी विचारा, नंतर नाही.