रक्तांतील ठेव

आपलें दुखणें कोणास सांगावें हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, असें आपण मानतों. आणि सामान्यतः तें योग्यच आहे. दुसऱ्याच्या औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचूं नये, एवढी सभ्यता आपल्या अंगीं असते. परंतु कांहीं रोगांपुढें हा नियम टिकत नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका घरांतील बाई ऐन तारुण्यांत गेल्या. दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशीं त्यांचे ओठ सुजले, मग आवाज बसला, आणि पहाटेपूर्वींच श्वास कोंडून सारें आटोपलें. घरांत त्याचा उच्चार होत नसे. कोणीं विचारलेंच तर ‘बाहेरचें कांहीं तरी’ एवढें उत्तर मिळे. पुढें तीस वर्षांनीं त्यांच्या भाचीस पोटशुळाचे झटके येऊं लागले. ॲपेंडिक्स म्हणून शस्त्रक्रिया झाली. ॲपेंडिक्स निरोगी निघालें. कधीं हात सुजे, कधीं चेहरा. खाज नसे, आणि तीन-चार दिवसांनीं सूज आपोआप ओसरे. ॲलर्जीच्या गोळ्यांनीं तिळमात्र फरक पडेना. शेवटीं एका डॉक्टरांनीं विचारलें, ‘घराण्यांत घसा सुजून कोणी गेलें आहे काय?’ वडिलांनीं मान खालीं घातली.

या रोगास आनुवंशिक अँजिओएडिमा म्हणतात. सुमारें ५०,००० माणसांत एकास तो असतो. विल्यम ऑस्लर या विख्यात वैद्यानें १८८८ सालीं एका अमेरिकन कुटुंबाच्या पांच पिढ्यांतील त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. गंमत अशी कीं, हॉथॉर्न या कादंबरीकारानें १८५१ सालींच शापानें घसा भरून मरणाऱ्या एका घराण्याची कथा लिहिली होती, आणि तींत याच रोगाची छाया असावी असा तर्क पुढें कांहीं वैद्यांनीं केला. खरें कारण १९६३ सालीं डोनाल्डसन व एव्हन्स यांनीं दाखविलें. बहुतेक रुग्णांच्या रक्तांत सी-१ इन्हिबिटर हें प्रथिन कमी किंवा निकामी असतें; त्यामुळें ब्रॅडिकायनिन नांवाचें द्रव्य वाढून रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतें, हें त्यानंतर उमगलें. आईबापांपैकीं एकास रोग असल्यास प्रत्येक अपत्यास तो येण्याचा संभव निम्मा.

जोंवर उपाय नव्हता तोंवर मौनास दया म्हणतां आलें असतें. आज तसें म्हणतां येत नाहीं. सूज येऊं नये म्हणून डॅनाझोल देतात. स्त्रियांस त्याचा त्रास होतो व गर्भारपणीं तें वर्ज्यच. झटका आल्यास उणें असलेलें प्रथिन शिरेंतून देतां येतें, आयकॅटिबंटचें इंजेक्शन टोंचतां येतें; तें न मिळाल्यास प्लाझ्मा देतात. नवीं औषधें मध्यम स्थितीच्या कुटुंबास पेलणारीं नाहींत हें मान्य. परंतु रोगाचें नांव ठाऊक असण्यास काय खर्च येतो? दंतवैद्यास आधीं सावध करतां येतें, रक्तदाबावरील एसीई इन्हिबिटर वर्गांतील गोळ्या टाळतां येतात, घसा आवळूं लागतांच इस्पितळ गांठतां येतें.

‘पण धाकटीचें लग्न ठरावयाचें आहे,’ वडील मला म्हणाले. ही भीति हलकी नव्हे. स्थळाची चौकशी करतांना आपण घराण्यांतील खोड ज्या आतुरतेनें हुडकतों ती पाहिली म्हणजे लपविणाऱ्यापेक्षां लपवावयास लावणाऱ्यांचाच दोष मोठा वाटतो. तरीहि मला त्यांची बाजू घेतां आली नाहीं. धाकटीस रोग निघालाच तर तिनें तो लग्नापूर्वीं वरास सांगावा, असें माझें मत आहे. पण सांगणारी तीच असावी, बाप नव्हे. मुलें होऊं द्यावींत कीं नाहीं हें त्या दोघांनीं पाहून घ्यावें. इतरांनीं त्यांत नाक खुपसूं नये. चुलत भावंडांची गोष्ट मात्र निराळी. त्यांच्या रक्तांत जें असेल तें आपलें गुपित कसें? ती त्यांचीच ठेव. आपण ती दाबून बसलों आहों, इतकेंच. हें मीं त्यांस जरा कठोरपणेंच सांगितलें, आणि घरीं येईपर्यंत मला त्याचें वाईट वाटत राहिलें.

त्या रात्रीं त्यांनीं नागपूरच्या धाकट्या भावास फोन केला. पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग भाऊ म्हणाला, ‘दादा, आमच्या बंडूचा हात दोन-तीनदां असाच सुजला होता. आम्हांस वाटलें, कांहीं तरी चावलें असेल.’