पापाचे वाटेकरी

वाटसरूंना लुटणाऱ्या वाल्या कोळ्याने घरच्यांना विचारलं, माझ्या पापात वाटा घ्याल का? त्यांनी साफ नकार दिला. कर्मसिद्धान्ताच्या हिशेबात ते बरोबरच होतं. ज्याचं कर्म त्याचं फळ. पण हा हिशेब एकट्या कर्त्याचा. कारखान्याचं पाप कोणाच्या खात्यावर लिहायचं?

जपानमधल्या मिनामाता इथे चिस्सो कंपनी १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड बनवत होती. पुढे ते प्लास्टिक मऊ करणाऱ्या द्रव्यांसाठी लागे. सांडपाण्यातला विषारी पारा खाडीत, तिथून माशांत आणि शेवटी मच्छीमारांच्या पोटात गेला. हातपाय थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं, मांजरं झटके येऊन मेली. १९५६ मध्ये आजाराची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच दवाखान्यातल्या डॉ. होसोकावांनी एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी कालवलेलं अन्न घातलं. तेही तसंच आजारी पडलं. कंपनीने ही गोष्ट दडपली. कामगार हुकूम पाळत होता, अधिकारी नफा राखत होता, गिऱ्हाईक वस्तू विकत घेत होतं. प्रत्येकाजवळ वाल्याच्या घरच्यांचंच उत्तर तयार होतं.

ते उत्तर नाकारलं एका पीडितानेच. मासातो ओगाता या मच्छीमाराचे वडील याच आजाराने गेले. बरीच वर्षं लढल्यावर १९८५ मध्ये त्यांनी स्वतःचा भरपाईचा अर्ज मागे घेतला. आपण त्या कंपनीत असतो तर वेगळं वागलो असतो का, हा त्यांचा प्रश्न होता. आपणही चिस्सोच आहोत, इथवर ते पोचले. यावर आक्षेप उघड आहे: सगळेच दोषी ठरले की खरा गुन्हेगार सुटतो. पण वाटा असणं म्हणजे सारखा वाटा असणं नव्हे. मांजराचं काय झालं हे ज्यांना कळलं आणि जे गप्प बसले, त्यांचा वाटा गिऱ्हाइकाच्या कितीतरी पट. १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरलं, ते योग्यच झालं. मात्र न्यायालय भरपाई ठरवतं. वस्तू विकत घेणाऱ्याच्या गरजेची झडती घेणं त्याचं काम नाही. ते धर्मविचाराचं काम आहे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा: पापपुण्य कशाला, तंत्रज्ञान सुधारलं की प्रदूषण थांबेल. पण मिनामातात १९५९ च्या अखेरीस कंपनीने सांडपाणी शुद्ध करणारं यंत्र गाजावाजा करून बसवलं. पारा काढण्यासाठी ते बनवलेलंच नव्हतं. १९६८ च्या मे महिन्यात ॲसिटाल्डिहाइडचं उत्पादन बंद झालं, कारण ती पद्धत जुनी झाली होती. आजाराचं कारण सरकारने मान्य केलं ते त्यानंतर, सप्टेंबरमध्ये.