वाट कोणाच्या पावलांनी मोजावी?

प्रवासाला निघण्यापूर्वी रस्ता ठरवणे ही वरवर पाहता केवळ सोयीची बाब आहे. कोणता रस्ता जवळचा, पेट्रोल कोठे मिळेल, मुक्काम कोठे करावा, एवढे प्रश्न सुटले की काम संपले असे आपण समजतो. त्यात बऱ्या-वाईटाचा संबंध काय, असे कोणी विचारले तर नवल नाही. आम्हाला मात्र वाटते की, संबंध आहे. आणि रस्ता जितका लांब व ओसाड, तितका तो अधिक स्पष्ट दिसतो. म्हणून हा प्रश्न हवेत न सोडता एका खऱ्या रस्त्यावर ठेवून पाहू या.

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याच्या खाली, मेक्सिको देशाच्या हद्दीत, जमिनीची एक लांबच लांब पट्टी समुद्रात उतरली आहे. तिला बाहा कॅलिफोर्निया म्हणतात. पश्चिमेस पॅसिफिक महासागर, पूर्वेस आखात, आणि मध्ये डोंगर, निवडुंग व वाळवंट. या द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकापर्यंत जायला पूर्वी खडकाळ गाडीवाटच होती. सलग डांबरी रस्ता १९७३ साली पुरा झाला. उत्तरेच्या तिहुआना शहरापासून दक्षिणेच्या काबो सान लुकासपर्यंत तो १,७११ किलोमीटर आहे. म्हणजे मुंबई-दिल्लीच्या रस्त्याहूनही लांब.

आता एका कुटुंबाची कल्पना करू. मुलगा सान दिएगो येथे नोकरीस आहे. ते शहर या सरहद्दीला लागूनच आहे. घरात सून आहे, पाच वर्षांचा नातू आहे, आणि बेळगावहून काही महिन्यांसाठी आलेली आजी आहे. आपल्या मंडळ्यांतील काही आई-वडिलांना हल्ली असा योग येतो. सुटीत गाडीने थेट दक्षिण टोक गाठायचे असे ठरते, आणि रात्री जेवणानंतर नकाशा पसरला जातो.

नकाशावर दोन वाटा दिसतात. पहिली तिहुआना, एन्सेनादा, सान किंतीन, एल रोसारियो अशी पॅसिफिकच्या बाजूने जाते. हिच्यावर गावे आहेत, दवाखाने आहेत, तशी रहदारीही आहे. दुसरी पूर्वेकडून मेहिकाली व सान फेलिपे करीत आखाताच्या काठाने उतरते आणि चापाला येथे पहिलीला मिळते. ही मोकळी व देखणी. पण हिचा दक्षिणेकडचा भाग अनेक वर्षे कच्चा होता, तो अलीकडेच डांबरी झाला आहे. सान फेलिपे सोडले की वस्ती फार विरळ. पुढे दोन्ही वाटांच्या प्रवाशांना एकच रस्ता उरतो. तेथे तिसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो नकाशावर दिसत नाही: हे अंतर किती दिवसांत कापायचे?

हा तिसरा प्रश्नच खरा. ताशी सत्तर किलोमीटरची सरासरी धरली तरी चोवीस तासांहून अधिक काळ गाडी चालवावी लागते. दोन दिवसांत पोहोचायचे तर रात्रीही चालवावी लागणार. आणि या रस्त्याविषयी जाणती माणसे जी पहिली सूचना देतात ती हीच की, अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. जुना रस्ता पुष्कळ ठिकाणी जेमतेम सहा मीटर रुंद आहे, बाजूला पाय टेकायलाही जागा नाही. कुंपणे नसल्यामुळे गुरे रस्त्यावर येऊन बसतात. कोरड्या ओढ्यांच्या पात्रातून रस्ता खाली उतरतो, आणि वादळी पाऊस झाला की तेथे अचानक लोंढा येतो. एल रोसारियोच्या पुढे तीनशेहून अधिक किलोमीटरच्या टप्प्यात भरवशाचा पंप अनेक वर्षे नव्हता. मध्ये कातावीन्या येथे लोक रस्त्याच्या कडेला पिंपांतून पेट्रोल विकत.

म्हणजे रस्ता तोच असला, तरी दोन दिवसांचा रस्ता आणि सात दिवसांचा रस्ता हे दोन वेगळे रस्ते आहेत. डांबरी रस्ता होण्याच्या कितीतरी आधी, १९६२ साली, एका मोटारसायकलस्वाराने तिहुआना ते ला पास हे अंतर चाळीस तासांच्या आत कापले होते. त्या धाडसाचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. त्याने पणाला लावला तो मुख्यतः स्वतःचा जीव. त्याच्या मागच्या आसनावर गुडघे दुखणारी आजी नव्हती. जो धोका एकट्याने पत्करला तर पराक्रम ठरतो, तोच दुसऱ्याच्या अंगावर न विचारता टाकला तर अन्याय ठरतो. गाडीचे चाक ज्याच्या हाती आहे त्याला हा भेद विसरणे फार सोपे असते. कारण वेग त्याच्या पायाखाली असतो आणि हिसके मागे बसलेल्यांना बसतात.

या ठिकाणी आम्हाला याकोबाची आठवण होते. पुष्कळ वर्षांनी भेटलेला एसाव त्याला म्हणाला की, चल, बरोबर जाऊ. याकोबाने नम्रपणे नकार दिला. मुले कोवळी आहेत, दुभती जनावरे बरोबर आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी कळप मरेल. तेव्हा आपण पुढे व्हावे, मी त्यांच्या चालीने येतो, असे त्याचे म्हणणे होते. याकोबाच्या मनात भावाविषयी धास्तीही होती, आणि सेईर येथे येतो असे सांगून तो गेला सुक्कोथाकडे, हे शास्त्र लपवत नाही. त्याचा हेतू पूर्ण निर्मळ नसेल. पण त्याने सांगितलेले माप खरे होते. तांड्याची चाल त्यातल्या सर्वांत कोवळ्या पावलाने ठरते. पुढे मिसर देशातून निघालेल्या लोकांनाही पलिष्ट्यांच्या मुलखातून जाणाऱ्या जवळच्या वाटेने नेले नाही. युद्ध पाहून ते माघारी फिरतील, हे त्याचे कारण दिले आहे. लोकांची भीती ही तेथे टीकेचा विषय झाली नाही. ती लक्षात घेऊन वाट ठरवली गेली.

यावर कोणी श्रद्धाळू वाचक म्हणेल, प्रभूने तर अरुंद दरवाजाने जाण्यास सांगितले आहे. मग कठीण वाट हीच खरी नव्हे काय? हा आक्षेप गंभीर आहे, कारण आपल्यात कष्टालाच पुण्य मानण्याची सवय खोल रुजलेली आहे. परंतु अडचण ही स्वतः सद्गुण नव्हे. रात्रीच्या अंधारात, पेंगत, नातवाला उपाशी ठेवून गाडी हाकणे हेही कठीणच आहे. त्यात पवित्र काय आहे? उलट कित्येकदा आपला हट्ट सोडून सावकाश जाणे हीच अरुंद वाट असते. सोपी वाट पाप नाही आणि कठीण वाट पुण्य नाही. ती अडचण कोण सोसतो व कोणासाठी सोसतो, हे पाहूनच निर्णय करावा लागेल.

आणि सोसणारे सगळे गाडीच्या आतच असतात असे नाही. रात्री रस्त्यावर बसलेली गाय कोणा कोरडवाहू गरिबाची असते. तिला धडक बसली तर आपली सुटी बिघडते, पण त्याचे घर बसते. या अरुंद रस्त्यावर आणखी एक रीत आहे. पुढचा ट्रकवाला डावा दिवा लुकलुकवून मागच्या गाडीला कळवतो की, समोर रस्ता मोकळा आहे, पुढे जा. आपल्याकडेही घाटात ट्रकवाले हात दाखवतात, तसेच हे. जो उंचावर बसला आहे व ज्याला पुढचे दिसते, तो आपली दृष्टी क्षणभर अनोळखी माणसाला उसनी देतो. मात्र तोच दिवा डावीकडे वळण्यासाठीही लावतात! म्हणून विश्वास ठेवायचा, पण डोळे मिटून नव्हे. शिवाय मेक्सिको सरकारने १९६० पासून महामार्गांवर ‘हिरवे देवदूत’ या नावाचे मदतनीस ठेवले आहेत. हिरव्या गाडीतून फिरत ते बिघडलेली वाहने दुरुस्त करून देतात; मजुरी घेत नाहीत, फक्त सुट्या भागांचे व इंधनाचे पैसे द्यावे लागतात. ही सोय मोठी आहे. पण मदत मिळेल म्हणून बेफिकीर निघणे म्हणजे दुसऱ्याच्या दयेवर आपल्या आळसाचा बोजा टाकणे होय.

जो इतरांसाठी वाट निवडतो त्याच्यावर विचारपूस करण्याचेही कर्तव्य येते. या द्वीपकल्पाचाच इतिहास पाहा. १५३९ साली उल्योआ नावाचा स्पॅनिश दर्यावर्दी आखाताच्या वरच्या टोकापर्यंत जाऊन आला होता; ही भूमी मुख्य खंडाला जोडलेली आहे हे तेव्हाच कळायला हवे होते. तरीही सतराव्या शतकात नकाशे काढणारे एकमेकांचे पाहून तिला बेट म्हणूनच दाखवीत राहिले. १७०१-०२ च्या सुमारास किनो या धर्मगुरूने स्वतः त्या बाजूने प्रवास करून ती चूक दाखवून दिली. हा दोष आजही गेलेला नाही. २०१८ साली रोझा नावाच्या वादळाने सान फेलिपेच्या दक्षिणेकडील रस्त्याचे पूल तोडले. हातातला जुना नकाशा मात्र तेथे सरळ रेघच दाखवीत होता. ‘मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य आजीच्या बाबतीत क्षम्य आहे, चालकाच्या बाबतीत नेहमीच नाही.

याच प्रदेशातील जुन्या मिशनांची वाट आम्हाला विशेष विचार करायला लावते. १६९७ साली लोरेतो येथे येशूसंघीयांनी पहिले कायमचे मिशन वसवले, आणि पुढील सत्तर वर्षांत एकामागून एक ठाणी उभी राहिली. त्यांना जोडणारी वाट एका झऱ्याकडून दुसऱ्या झऱ्याकडे जाई. सान इग्नासियोचे पाणी व खजुरीचे बन आजही पाहायला मिळते. ही वाट माणसाच्या व खेचराच्या तहानेने मोजलेली होती. परंतु त्याच वाटेने परके रोगही आले. तेथील कोचिमी, ग्वायकुरा, पेरिकू हे लोक साथींमध्ये झपाट्याने कमी झाले, आणि आज त्यांच्या भाषा कोणी बोलत नाही. वाट आखणाऱ्यांनी आपली तहान मोजली. ज्यांच्या अंगणातून ती गेली त्यांच्यावर काय येणार हे त्यांना मोजता आले नाही. हेतू चांगला असला की वाट आपोआप चांगली होते, असे मानणाऱ्या आम्हा ख्रिस्ती लोकांना हा धडा जड जातो. पण तो घेतला पाहिजे.

मग आमच्या त्या कुटुंबाने काय करावे? आमचे मत विचाराल तर जाताना पॅसिफिकच्या बाजूने जावे, दिवसाउजेडी पाच-सहा तासच चालवावे, टाकी अर्धी झाली की भरावी आणि सात दिवस हाताशी नसतील तर दक्षिण टोकाचा हट्ट सोडून सान इग्नासियोहून परतावे. पण एवढ्यावर थांबलो तर आम्हीही चुकू. कारण नकाशाभोवती बसलेल्यांनी अजून आजीला विचारलेलेच नाही! ‘आईला झेपणार नाही,’ असे मुलगा आपणच ठरवून टाकतो. कदाचित आजी म्हणेल, ‘अरे, चोर्ल्याच्या घाटातून एसटीने उभी राहून गोव्याला गेलेली बाई आहे मी. मला तो आखाताकडचा समुद्र पाहू दे.’ दुर्बलाच्या पावलाने चालायचे म्हणजे त्याला गाठोड्यासारखे जपून न्यायचे असे नव्हे. त्याच्या गुडघ्यांचा विचार करायचा, तसा त्याच्या इच्छेचाही. नातवाला विचारून उपयोग नाही. त्याची भूक व रडणे हेच त्याचे मत समजावे. आजीला मात्र तोंड आहे, आणि दोन वाटांतील फरक तिला नीट समजावून सांगितला तर ती आपला कौल देऊ शकते. तो ऐकल्यानंतरच आमचे वरील मत विचारात घ्यावे.

वाचकहो, वाळवंटातून जाण्याचा योग आपल्यापैकी फार थोड्यांना येईल. परंतु वाट ठरवण्याचा प्रसंग घरोघरी व मंडळीमंडळीत येतो. मुलाचे शिक्षण, आजाऱ्याचे औषधपाणी, उपासनेची वेळ, नव्या इमारतीची वर्गणी: यांतील प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी हाती चाक असते आणि कोणी तरी मागे बसलेले असते. पुढच्या सभेत ठराव मांडण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे, आणि जे गप्प बसले आहेत त्यांना नावाने विचारावे. त्यात थोडा वेळ जाईल. तो जाऊ द्यावा.