फोटोच्या खोलीचं दार

असदगडाच्या अलीकडे, जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत एका गच्चीवर मोबाईलचा टॉवर उभा राहिला आणि आठवडाभरात पानठेल्यावर अर्ज आला. टॉवर हटवा, किरणांनी कॅन्सर होतो, चिमण्या नाहीशा झाल्या. कागद चुन्याच्या डबीखाली दाबलेला. माझ्यासमोर सह्या केल्या त्या चौघांपैकी तिघांच्या बोटांत बिडी होती.

"मास्तर, तुमी काहून नाई करत सई?"

मी सांगून पाहिलं. तंबाखूच्या पानात पोलोनियम-210 नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य असतं, अत्यल्प का होईना. बिडी ओढली की ते धुरासोबत थेट फुप्फुसात जातं. टॉवरच्या रेडिओलहरींत मात्र अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद नसते. क्ष-किरण आणि गॅमा किरण ते करतात, म्हणून त्यांची जात वेगळी. ऐकून घेतलं सगळ्यांनी, आणि संध्याकाळपर्यंत मास्तर कंपनीला फितूर झाल्याची बातमी जयहिंद चौकापर्यंत गेली.

लोकांची भीती खुळी आहे, असं मी म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना 'कदाचित कर्करोगकारक' अशा यादीत घातलं. देशभर ओरड झाली आणि 1 सप्टेंबर 2012 पासून भारताने टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. म्हणजे ओरडल्याने फरक पडतो. माझी तक्रार इतकीच की आपण जिथे ओरडायला हवं तिथे मुकाट बसतो.

खरा किरणोत्सर्ग या गल्लीला नवा नाही. माझ्या लहानपणी वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं चालत. नवा मेंटल बांधून काडी लावली की आधी कापड जळून जायचं, मागे उरायची ती राखेची पांढरी जाळी. हात लागला की तिचा भुगा. तो आम्ही पोरं गालाला फासत असू. ती राख थोरियम ऑक्साइडची होती. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने 1891 मध्ये बसवलेलं हे मिश्रण, 99 टक्के थोरियम आणि एक टक्का सेरियम. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूतलं थोरियम काढून मेंटलवाल्यांसाठी थोरियम नायट्रेट बनवणारा कारखाना 1955 मध्ये ट्रॉम्बेला उभा राहिला. बत्तीजवळ उभं राहून कुणाचं काही बिघडत नव्हतं. तो भुगा नाकातोंडात जाऊ नये एवढीच खबरदारी हवी होती, पण ती सांगायला कुणी नव्हतं.

जगातल्या सरासरी माणसाला निसर्गाकडूनच वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. त्यातला निम्मा जमिनीतून घरात झिरपणाऱ्या रेडॉन वायूचा, बाकीचा आकाशातून, मातीतून आणि आपल्याच शरीरातल्या पोटॅशियममधून. आपल्या पायाखाली काळा बसाल्ट आहे. त्यात युरेनियम-थोरियम ग्रॅनाइटपेक्षा बरंच कमी, त्यामुळे जमिनीकडून तरी वऱ्हाडाला धास्ती नाही. पारसच्या औष्णिक केंद्रातल्या राखेतही हे अंश असतात. पण त्या राखेची माझी पहिली तक्रार धुळीची आहे, किरणांची नाही.

माणसाने स्वतः तयार केलेला आणि सर्वाधिक लोकांच्या वाट्याला येणारा किरणोत्सर्ग असतो दवाखान्यात. आपण ज्याला नुसतं 'फोटो काढणं' म्हणतो, तो. छातीचा एक फोटो 0.1 मिलिसिव्हर्टच्या आत आटोपतो. पोटाचा सिटी स्कॅन आठ-दहापर्यंत जातो, म्हणजे निसर्गाचा तीन-चार वर्षांचा हिशेब एका दुपारी. गरज असेल तर तो करायलाच हवा, त्याने जीव वाचतात. गरज आहे का, हे मात्र आपण विचारत नाही.

गेल्या मे महिन्यात आईचं मनगट दुखावलं म्हणून मोर्णा नदी ओलांडून एका ठिकाणी फोटो काढायला नेलं. खोलीचं दार उघडं होतं, कारण कूलर बाहेरच्या पॅसेजमध्ये आणि आत भट्टी. दाराला टेकून रांग. रांगेतल्या बाकावर एक तरुण बाई, सहा-सात महिन्यांची गरोदर, सासूला घेऊन आलेली. किरणांची मात्रा मोजायचा बिल्ला तंत्रज्ञाच्या छातीवर असायला हवा. तो कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेला होता. खिळ्याला लागलेली मात्रा शून्य येणार, अहवाल उत्तम येणार. मशीनने खट्ट आवाज केला, पुढचा नंबर पुकारला गेला.

अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून आहे. क्ष-किरण यंत्राची नोंदणी त्याच्याकडे करावी लागते. खोलीच्या दाराला 23 सेंटिमीटर विटेच्या भिंतीइतकं किंवा 1.7 मिलिमीटर शिशाइतकं संरक्षण असावं, असं त्याचं सांगणं आहे. जुन्या शहरातल्या वाड्यांच्या पांढऱ्या मातीच्या भिंती याहून जाड निघतील. पण शिसं दारात कितीही असो, दार उघडं राहिलं की ते कुचकामी. आणि त्या दिवशी 'दार लावा' असं कुणीच म्हणालं नाही. पानठेल्यावर पोलोनियम शिकवणारा मास्तरही नाही. आईचा नंबर लवकर लागावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात जे झालं, तेही अशाच दुर्लक्षाचं मोठं रूप. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने 1968 मध्ये घेतलेलं कोबाल्ट-60 चं यंत्र 1985 पासून पडून होतं. आत काय आहे हे सांगणारी माणसं निवृत्त झाली आणि यंत्र लिलावात भंगार म्हणून गेलं. एक कामगार मेला, आणखी काही जण भाजले. तिथे तंत्रज्ञान जुनं झालं नव्हतं, चौकशी करायची सवय गेली होती.

तेव्हा टॉवरच्या अर्जावर सही करायची तर करा. पण पुढच्या वेळी फोटोच्या खोलीबाहेर बसाल तेव्हा नोंदणीचा कागद कुठे लावलाय ते विचारा, उघडं दार लावायला सांगा, बाई गरोदर असेल तर कुणी विचारण्याआधी तिने सांगावं. आणि माळ्यावरच्या पिशवीत जुन्या सिटी स्कॅनच्या फिल्मा असतील तर त्या फेकू नका. नवा डॉक्टर पुन्हा स्कॅन लिहून द्यायच्या आत त्या त्याच्या टेबलावर ठेवा.