तुला कंटाळा कसा येत नाही?

वाई, फाल्गुन

प्रिय मुक्ता,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येईना, म्हणून लिहायला बसले. वाकडच्या फ्लॅटचा ताबा मिळाला, पगार वाढला, आठवडाभर तू हवेत होतीस आणि मग सगळं पुन्हा होतं तसंच वाटायला लागलं. इकडे तुझी आत्या मात्र रोज तोच चहा पिते, तीच भाजी निवडते, त्याच घाटावर फिरून येते आणि वर मजेतही असते. "तुला कंटाळा कसा येत नाही?" असं तू विचारलंस. त्या विचारण्यात थोडी कीव होती, ती मला ऐकू आली. असो.

तुझ्या तक्रारीच्या पहिल्या अर्ध्या भागात नवल काहीच नाही. कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे तेव्हा दर वर्षी एक तास मी लॉटरीवर घालवत असे. अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी बक्षिसं लागलेल्या 22 जणांशी बोलून 1978 साली एक शोधनिबंध छापला. बक्षीस लागलेले लोक त्याच भागातल्या बिनबक्षिसाच्या लोकांपेक्षा काही विशेष सुखी नव्हते, हे त्यातलं वाक्य परीक्षेपुरतं सगळ्यांना पाठ व्हायचं. त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मात्र पोरं विसरायची. मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद, मासिक चाळणं, अशा रोजच्या गोष्टींतून बक्षीसवाल्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी होता. एवढा मोठा क्षण येऊन गेला, त्याच्यापुढे न्याहारीची काय कथा!

अर्थात 22 माणसं म्हणजे काही सगळं जग नव्हे. पुढे स्वीडनमध्ये लॉटरी लागलेल्यांवर बराच मोठा अभ्यास झाला आणि त्यात आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं आणि कित्येक वर्षं टिकलेलं दिसलं. तेव्हा पैशाने काही होत नाही, असं मी तुला मुळीच सांगणार नाही. तसं सांगणाऱ्यांचे पगार बहुधा चांगले असतात. तुझा फ्लॅट ही चांगलीच गोष्ट झाली. घरमालकाच्या मर्जीवर राहावं लागत नाही, याचं सुख मी जाणते. फक्त मनाला त्या फ्लॅटची सवय झाली, आणि सवय झालेली वस्तू दिसेनाशी होते. बाल्कनीतून डोंगर दिसतो म्हणून तू चार लाख जास्त मोजलेस ना? गेल्या आठवड्यात तो कधी पाहिलास?

आता इथे माझीच पंचाईत होते. सवयीने जर आनंद मरत असेल, तर तुला पुन्हा सवयीच लावून घ्यायला मी कोणत्या तोंडाने सांगू? माझी विद्यार्थिनी असतीस तर तू हेच विचारलं असतंस, आणि मी मनातून खूश झाले असते.

माझं उत्तर असं आहे. एखादं काम सुरू होणं सवयीवर सोडावं, पण ते करणं सवयीवर सोडू नये. फिरायला जावं की नको, हे रोज ठरवत बसलं की रोज न जाण्याचंच कारण सापडतं. ते एकदा कायमचं ठरलं की पाय आपोआप चपलांकडे वळतात. मात्र दाराबाहेर पडल्यावर डोळेही तसेच आपोआप चालले, तर फिरून काही उपयोग नाही. पाय सवयीचे असावेत, डोळे नसावेत.

यात माझं काही नाही. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्या प्रवचनांत कर्म, विकर्म आणि अकर्म यांचा उलगडा आहे. बाहेरून दिसणारी कृती ते कर्म, तिच्यात आतून ओतलेलं मन ते विकर्म, आणि दोन्ही जुळले की कामाचं ओझंच वाटेनासं होतं ते अकर्म, असं विनोबा समजावतात. तत्त्वज्ञान म्हणून ते केवढं खोल आहे ते जाणकार सांगोत. मला ते मेथी निवडताना पटलं.

हसू नकोस. मेथीची जुडी सोडायची, मुळं कापायची, पिवळी पानं बाजूला काढायची, कोवळी देठं ठेवायची आणि जाड टाकायची. हात हे सगळं न सांगता करतात, आणि म्हणूनच मन मोकळं राहतं. ते कुठे न्यायचं ते आपल्या हातात असतं. मी ते बऱ्याचदा तिथेच ठेवते. पानांचा तो कडवट हिरवा वास येतो. पाऊस पडून गेला असेल तर मुळांना चिखल जास्त चिकटलेला असतो, थंडीतली जुडी कोवळी असते. हल्ली निवडून पाकिटात भरलेली मेथी मिळते हे मला माहीत आहे. तू ती जरूर घे, तुझ्याकडे वेळ नाही. पण ती घेऊन वाचलेली वीस मिनिटं कुठे जातात, ते एकदा बघ.

शिवाय मेथी निवडायला बसलं की शेजारच्या काकू येऊन टेकतात आणि नकळत अर्धी जुडी पुढ्यात ओढतात. समोरासमोर बसून कोणी कोणाला मनातलं सांगत नाही. हात कामात आणि नजर खाली असली की माणसं बोलतात. त्यांच्या मुलाचं लग्न मोडलं ते मला पहिल्यांदा कळलं ते असंच, गवारीच्या शिरा काढताना.

जात्यावरच्या ओव्यांचंही असंच असणार. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून बायांच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या लाखावर गेली. एवढं काव्य आलं कुठून? पहाटेच्या दळणातून. लगेच 'जुनं ते सोनं' म्हणायला जाऊ नकोस. दळण हे जिवावरचं काम होतं, आणि गावात पिठाची गिरणी आल्यावर जातं बंद झालं याचा त्या बायांना आनंदच झाला असणार. ओवी गायल्याने काही जातं हलकं होत नव्हतं. पण घर जागं होण्याआधीचा तो वेळ त्यांचा होता. माहेर, भाऊ, नवरा, विठ्ठल, सासूचा जाच, सगळं त्या वेळेत बोलून व्हायचं. गिरणीने श्रम वाचवले, ते बरंच झालं. बोलायची ती जागाही त्याबरोबर गेली, आणि तिच्या बदल्यात काही आलं का, हे कोणी पाहिलं नाही.

फिरण्याबद्दलही सांगायला हवं. मी रोज त्याच रस्त्याने घाटावर जाते, म्हणून तर मला बदल दिसतो. रोज वेगळ्या रस्त्याने गेले तर नुसते रस्तेच बघत बसेन. सध्या पांगारा फुलला आहे, अंगावर पान नाही आणि लाल फुलांवर साळुंक्यांची भांडणं चालली आहेत. काटेसावरीचा बहर ओसरत आला. चैत्र उलटला की बहाव्याकडे डोळे लागतील. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' तुझ्या घरी आहे, दादाच्या कपाटात. बारा महिन्यांवरचे बारा लेख. ते वाचलं की बाहेर जाऊन बघावंसं वाटतं, याहून मोठं प्रशस्तिपत्र मला पुस्तकाला देता येत नाही. वाकडला घाट नाही म्हणू नकोस. तुझ्या सोसायटीत बिल्डरने गुलाबी टॅबेबुया लावलेला असेल. झाड परदेशी आहे, पण तेही ऋतू पाळतं. एक झाड धर.

सुरुवात कशी करायची? एकाच गोष्टीने. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजच्या एखाद्या ठरावीक वेळेला जोडून एक नवी सवय लावून घ्यायला सांगितलं. जेवणाबरोबर फळ खाणं, न्याहारीनंतर पाणी पिणं, अशी साधीच कामं होती. ती आपोआप व्हायला लागायला, मध्यक धरला तर, 66 दिवस लागले. कोणाला 18 पुरले, तर कोणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. 21 दिवसांत सवय लागते म्हणणारे पाठवतात ते व्हिडिओ तू पुसून टाक. याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नाही, असंही दिसलं. हे मुद्दाम लिहिते, कारण आपलं घराणं चौथ्या दिवशी संकल्प मोडला की पाचव्या दिवशी तो सोडून देणाऱ्यांचं आहे. आणि सवय मोजणारं ॲप घेऊ नकोस. दिवसभर ऑफिसात तुला मोजतातच, घरी तरी कोणी मोजू नये.

मला विचारशील तर सकाळच्या चहापासून सुरू कर. कप रिकामा होईपर्यंत फोन दुसऱ्या खोलीत. रात्री वहीत एक ओळ, आज काय पाहिलं त्याची. काय वाटलं ते नको. त्यात माणूस फार गुंतत जातो आणि खोटंही लिहितो.

आणखी एक, आणि हे मेथीपेक्षा महत्त्वाचं आहे. समाधान या शब्दाचा आपल्याकडे फार गैरवापर झाला आहे, विशेषतः बायकांच्या बाबतीत. तुझा साहेब रात्री अकराला मीटिंग लावत असेल, तर त्यावर चहा आणि झाड हा उपाय नाही. तिथे भांडायचं, नाहीतर नोकरी बदलायची. आणि झोप उडून आठवडे झाले असतील, आवडायचं तेही नकोसं झालं असेल, तर तो कंटाळा नव्हे. मग माझं पत्र बाजूला ठेवून डॉक्टरकडे जायचं. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवाही 14416 वर आहे. तुझ्या आवाजावरून तसं वाटलं नाही, पण फोनवर आवाज चांगला काढता येतो. म्हणून विचारते आहे, झोप लागते ना? याचं उत्तर खरं दे.

पाडव्याला येणार असशील तर आधी कळव, श्रीखंडाचा चक्का आदल्या रात्री टांगावा लागतो. वहीवर पैसे घालवू नकोस, माझ्याकडे बँकांनी दिलेल्या कोऱ्या डायऱ्यांची चळत पडली आहे. दादाला सांग, त्याच्या बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी इथे राहिली आहे, ती तुझ्याबरोबर देईन.

तुझी,
आत्या